अंगठ्याला उलट प्रश्न नाही

आमच्या वहिनीला लग्नाआधी पोहता येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली तिच्याकडे डायव्हिंग शिकायला येणारे पाहुणे डोळे मोठे करून विचारतात, "तुम्ही लहानपणापासून पाण्यातच असणार ना?" आणि ही बया खुशाल मान डोलावते. साफ खोटं. तिच्या माहेरी समुद्र सोडाच, काठोकाठ भरलेली विहीर बघायची तरी शेजारच्या गावाला जावं लागायचं.

लग्न होऊन ती पहिल्यांदा आमच्या धक्क्यावर आली, तेव्हा बाबा बोटीच्या टोकावरून माझ्यावर खेकसत होते, "अरे, नांगर टाक, नांगर!" वहिनीने इकडेतिकडे बघितलं आणि दादाला हळूच विचारलं, "इथं शेत कुठंय?" तिच्या माहेरी नांगर म्हणजे जमीन नांगरायचा. विचारलं हळूच होतं, पण धक्क्यावर हळू असं काही नसतं. माणसं पोट धरून हसली. आमच्याकडे एकदा नाव पडलं की ते माणसाबरोबरच जातं. तेव्हापासून ती 'शेतवाली'. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले, पोरं कॉलेजात गेली, तरी बोटवाले तिला शेतवालीच म्हणतात. तीही ओ देते.

आमचं घर म्हणजे खाली दुकान आणि वर आम्ही. खालच्या मागच्या खोलीत दादाचा कॉम्प्रेसर. पाहुण्यांच्या पाठीवरच्या टाक्यांत हवा भरायचं काम दादाचं. त्या यंत्राशेजारी अर्धं आयुष्य गेल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते. वहिनी म्हणते, त्याला पहिल्यांदाच ऐकू येतं, दुसऱ्यांदा तो नुसती मजा घेतो. पुढच्या खोलीत टांगलेले सूट, ओल्या रबराचा वास, आणि सामान खळबळून धुवायला गोड्या पाण्याची दोन पिंपं. बोट बाबांची. ती चालवतो मी, पण हे वाक्य बाबांसमोर म्हणायची सोय नाही.

किनाऱ्यापासून थोडं आत एक मालवाहू जहाज बुडालेलं आहे. ते कधी बुडालं आणि पोटात काय घेऊन बुडालं, याची प्रत्येक बोटीवर वेगळी गोष्ट ऐकायला मिळते आणि सगळ्या थापा असतात. आम्ही त्या जहाजाला 'म्हातारी' म्हणतो. म्हातारीच्या अंगावर आणि तिच्या आडोशाला पोवळी वाढलीत. पोवळं म्हणजे दगड नव्हे, जिवंत वस्तू आहे, आणि वाढते अशी की बोटभर वाढायला वर्ष घेईल. त्यांच्या फांद्यांत मासे राहतात, आणि ते मासे बघायला लांबलांबून पाहुणे येतात. खोली चार मजली घर बुडेल एवढी, पाणी कोमट, आणि ऊन वर असलं की तळापर्यंत स्वच्छ दिसतं. त्या आडोशाला आम्ही 'बाग' म्हणतो. आमच्या अख्ख्या धक्क्याचं पोट त्या बागेवर आहे.

वहिनी आधी पिंपांवर होती. पाहुण्यांचे सूट धुवायचे, उलटे करून वाळत घालायचे. एक दिवस तिने सूट पिंपातच सोडला आणि जाहीर केलं, की एवढी माणसं पैसे मोजून खाली बघायला जातात ते काय ते मीही बघणार. दादा म्हणाला, आधी पोहायला शीक. त्याला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी ही पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून धक्क्याच्या पायऱ्यांवर हजर. लोक बघायला जमले. खारं पाणी नाकातोंडात गेलं, गुडघे सोलवटले, लोकांनी शेतवालीला 'पेरणी कधी' म्हणून विचारलं. तिने कुणाकडे बघितलं नाही. डबा सुटला, मग दादाच्या मागे लागून ती टाकी लावून उतरायला शिकली, आणि शेवटी म्हातारीपाशी गेली. त्या रात्री जेवताना ताटावरून एकदम म्हणाली, "खाली एवढी बाग आहे, आणि तुमच्यापैकी एकानेही मला सांगितलं नाही." अशी रागावली होती, की आम्हीच ती लपवून ठेवली होती जणू.

मग ती गाईड झाली, आणि आमच्या धक्क्यावर तिच्यासारखा गाईड नाही. मी दीर आहे म्हणून सांगत नाही. दीर म्हणून सांगायचं तर ती चहा भयंकर करते. पण पाण्याखाली तिच्यावर डोळे मिटून विसंबावं. पाण्यात बोलता येत नाही, सगळं हातांनी सांगायचं. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला, की 'सगळं ठीक'. अंगठा खाली म्हणजे 'खाली जाऊ'. आणि अंगठा वर म्हणजे 'वर चला'. शाबासकी नाही, छान नाही, फक्त 'वर चला'. आपण जमिनीवर फोनमधून दिवसभर अंगठे पाठवतो, म्हणून नवखे हमखास इथे घसरतात. कासव दिसलं की खूश होऊन अंगठा वर, आणि वहिनी लगेच सगळ्यांना घेऊन वर. वर आल्यावर ते हळहळतात. ती ऐकून घेते आणि म्हणते, "अंगठ्याला उलट प्रश्न नाही." खाली कुणाचा श्वास अडकलाय, कुणाला घाबरायला झालंय, ते वर आल्याशिवाय कळत नाही. म्हणून अंगठा कुणीही दाखवो, का, कशाला, थांब जरा, असं काही नाही. निघायचं. हा नियम तिने स्वतःसाठीसुद्धा कधी मोडला नाही, आणि मी सांगतोय ती सगळी गोष्ट या एका नियमावर उभी आहे.

आता बाबा. आमचे तीर्थरूप सत्तरीला टेकलेत, धक्क्यावरच्या बोटवाल्यांचे पुढारी आहेत आणि राग कायम नाकावर. त्यांचे वडील निरक्षर होते, सगळे व्यवहार अंगठ्यावर करायचे. बाबांना सही येते, वळणदार येते, तरी महत्त्वाच्या कागदावर ते सहीशेजारी अंगठाही उठवतात. म्हणतात, सही कुणीही गिरवेल, अंगठा फिरवता येत नाही. वहिनीला ते एरवी 'पोरी' म्हणतात. 'सूनबाई' म्हणाले, की समजावं वारा फिरला.

बाबांचा जीव कशात असेल तर त्यांच्या नांगरात. चार नखांचा, लोखंडी, आजोबांच्या वेळचा. दर हंगामाच्या सुरुवातीला ते तो अंगणात घेतात, घासतात आणि स्वतःच्या हाताने भडक पिवळा रंगवतात. दुसऱ्या कुणाचा नांगर पिवळा नाही. आणि दर हंगामाच्या शेवटी रंग उडालेला असतो, की बाबा तडक रंगवाल्याच्या दुकानात जाऊन त्याचा उद्धार करतात. रंगात पाणी घालतोस, भेसळ करतोस, तुझा बाप असा नव्हता. तो बिचारा ऐकून घेतो आणि पुढच्या वर्षी तोच डबा काढून देतो.

तो रंग कुठे जातो, हे फक्त वहिनीला ठाऊक होतं. कारण खाली ती जात होती.

रोज सगळ्या बोटी म्हातारीपाशी जायच्या आणि बागेत नांगर टाकायच्या. नख पोवळ्यात अडकलं की बोट धरून राहते, म्हणून मुद्दाम तिथेच. निघताना ओढून काढायचा, की कडाकड मोडत वर. वरून काही दिसत नाही, बरं का. वर नुसता दोर ताणला जातो आणि सुटतो. मीही तसाच ओढायचो, खोटं कशाला बोलू. वहिनी घरी येऊन सांगायची, आज अमुक कोपरा गेला, आज हरणाच्या शिंगांसारखी पोवळी गेली. बोटवाल्यांच्या बैठकीत तिने एकदा उभं राहून सांगितलं, की माझ्या माहेरी नांगर फिरला की पीक येतं, तुमचा नांगर फिरला की पीक जातं. लोक हसले. शेतवाली शेतावर आली, म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा तिने आपल्या मनाने एक काम सुरू केलं. पाहुण्यांना उतरवायच्या आधी एकटी खाली जाऊन ती प्रत्येक बोटीचा नांगर पोवळ्यातून हाताने सोडवायची आणि बागेबाहेरच्या वाळूत नेऊन ठेवायची. पाण्यात वजन कमी लागतं हे खरं, पण लोखंड ते लोखंड. तिचे खांदे भरून यायचे, तळहात फुटायचे. दादा तिच्या हातांना मलम लावायचा. मी एकदा म्हटलं, वहिनी, पाण्यात राहून माशांशी वैर करतेस. ती म्हणाली, माशांशी नाही रे, तुमच्याशी.

आणि मग ती तोंडावर आपटली. वाळूत नांगर धरत नाही. एका दुपारी वारा उठला, बाबांची बोट सरकायला लागली, वाळूतला नांगर रांगत मागे आला. घाईत इंजिन चालू केलं, तर दोर बोटीच्या पंख्यात गुंडाळला आणि बोट खडकावर घासली. माणसं सुखरूप होती, पंखा वाकला, तळाची एक फळी गेली. पाहुण्यांना दुसऱ्या बोटीने उचललं. नांगर वाळूत कुणी नेला, हे बाबांना कळायला वेळ लागला नाही. धक्क्यावर उतरल्यावर ते सगळ्यांदेखत शांतपणे बोलले, तेच वाईट.

"माझा थोरला भाऊ दुसऱ्याच्या दोरीवर बोट बांधून झोपला होता, सूनबाई. दोरी तुटली. बोट मिळाली नाही, तो मिळाला नाही. तेव्हापासून मी परक्या हातावर बोट ठेवली नाही. आज तू ठेवायला लावलीस."

काकांची गोष्ट आम्हाला माहीत होती, पण बाबांच्या तोंडून ती कधी निघत नसे. आणि 'परक्या' हा शब्द वहिनीच्या जिव्हारी लागला. एवढी वर्षं या घरात काढून, या घरची पिंपं उपसून, ती परकी? मला वाटलं होतं ती भांडेल. नाही भांडली. बरेच दिवस ती दुकानात सूट धूत राहिली, म्हातारीकडे फिरकली नाही. आई मला म्हणाली, पोरगी खचली. आईला माणसं कळतात असा आमच्याकडे समज आहे, पण वहिनी तिला अजून कळायची होती.

एक दिवस वहिनी कॉम्प्रेसरच्या खोलीत गेली आणि दादाला म्हणाली, "चूक माझी होती. वाळूत नांगर धरत नाही. म्हणजे नांगरच नको. मला ट्रकचे जुने टायर आणून दे." दादाला ते पहिल्यांदाच ऐकू आलं.

टायरमध्ये सिमेंट आणि खडी ओतायची, मध्ये जाड साखळी रोवायची, आणि ते धूड बागेबाहेर वाळूत कायमचं बसवायचं. साखळीला दोर, दोराला वर तरंगणारा बोया. बोट आली की बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. बंदराच्या कचेरीतून परवानगी आणण्यात तिच्या चपला झिजल्या. अंगणात सिमेंट कालवताना येणारेजाणारे विचारायचे, काय शेतवाली, खळं करतेस काय? ती म्हणायची, हो, या मळणीला. हवेच्या पिशव्या बांधून आम्ही ती धुडं पाण्यातून ओढत नेली, तिने ती खाली हवी तिथे उतरवली, एकमेकांना जोडली, साखळीचा प्रत्येक दुवा हाताने तपासला. बोया वर आला, लाटेवर डुलायला लागला.

आणि एकही बोट त्याला बांधली गेली नाही. सगळ्यांचं एकच, बाबा बांधतील तर आम्ही बांधू. आणि बाबा बोयाकडे न बघता पुढे जाऊन बागेत पिवळा नांगर टाकायचे. रोज. वहिनी त्याच बोटीत बसलेली असायची.

शेवटी ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबा पेपर वाचत होते, निदान चेहऱ्यापुढे पेपर होता. ती म्हणाली, "बाबा, परक्या दोरीवर विश्वास ठेवू नका. स्वतः खाली येऊन बघा. साखळी बघा, बाग बघा. बघून नाही म्हणालात, तर दुसऱ्या दिवशी मी ते सगळं उचलून आणीन आणि पुन्हा या घरात बोयाचं नाव काढणार नाही."

पेपर खाली आला. आमचे तीर्थरूप सबंध जन्म समुद्रावर काढून एकदाही टाकी लावून खाली गेले नव्हते. काका खाली आहेत, असं त्यांच्या डोक्यात कुठेतरी बसलं होतं, हे मला वाटतं, त्यांनी कधी सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, शब्द दिलास हां. ती म्हणाली, दिला.

डॉक्टरांनी बाबांची छाती, कान, रक्तदाब सगळं तपासलं आणि म्हणाले, तुम्ही तुमच्या मुलांपेक्षा ठणठणीत आहात. झालं, ते वाक्य आम्ही आजतागायत ऐकतोय. मग धक्क्याच्या आतल्या उथळ पाण्यात शिकवणी सुरू झाली. पाण्याखाली बोलता येत नाही, ही गोष्ट बाबांना जन्मात कुणी सांगितली नव्हती. नळी तोंडात धरूनही ते सूचना देत राहायचे, नुसता बुडबुड्यांचा कारखाना. आणि खुणांवरून वाद. 'ठीक आहे'चा गोल त्यांना अजिबात पटला नाही. हे काय चिमूटभर मीठ मागितल्यासारखं, म्हणाले. वहिनी न कंटाळता पुन्हा पुन्हा करून घ्यायची. गोल, ठीक. अंगठा वर, वर चला. अंगठ्याला उलट प्रश्न नाही. बाबा मान डोलवायचे. मान डोलवणं ही कुठलीच खूण नाही, हेही तिने त्यांना शिकवलं.

ठरल्या दिवशी पाहुणे घेतले नव्हते. घरी आई देव पाण्यात घालून बसली होती, आणि इकडे आम्ही बाबांना. बोटीवर दादा थांबला, पाण्यात बाबा, वहिनी आणि मी. नांगर अर्थातच बाबांनी स्वतः टाकला, बागेत. त्यांच्याच नांगराच्या दोराला धरून आम्ही उतरलो. बाबांचा श्वास सुरुवातीला भात्यासारखा चालला होता. वहिनीने त्यांचं मनगट धरलं आणि ते शांत होईपर्यंत हलली नाही. मग गोल विचारला. त्यांनी चिमूट दाखवली. खाली निघालो.

दोराच्या शेवटी पिवळा नांगर होता. पिंपाएवढ्या एका गोल पोवळ्यात त्याचं नख घुसलं होतं, आणि त्या पोवळ्याची ताजी कपची निघून खाली पडली होती. बाबा ते बघत राहिले. मग वहिनीने त्यांना पुढे नेलं. तिने काही दाखवायला बोटसुद्धा उचललं नाही, गरजच नव्हती. मोडलेल्या फांद्यांचा खच पडला होता. काही जुन्या, शेवाळलेल्या, काही कालपरवाच्या, पांढऱ्या. आणि त्यांच्यावर, खरवडलेल्या दगडांवर, म्हातारीच्या कडेला, जिकडे बघावं तिकडे पिवळे ओरखडे. भडक पिवळे. पुसट पिवळे. त्याखाली आणखी जुने पिवळे. बाबांनी एका ओरखड्यावर हात ठेवला. तो त्यांचा हात होता, आणि तो त्यांचा रंग होता. दरवर्षी अंगणात बसून लावलेला.

थोड्या अंतरावर, जिथे नांगर पोहोचले नव्हते, तिथे बाग तशीच होती. फांद्या, त्यांत माशांची पोरं, आत बाहेर, आत बाहेर. बाबा तिथे गुडघे टेकायच्या बेतात होते, वहिनीने त्यांना वरच्या वर धरलं. मग ते वाळूतल्या टायरांकडे गेले. साखळी दोन्ही हातांनी ओढून बघितली. दुवे चाचपले. दोराची गाठ उलटसुलट करून बघितली, पुन्हा एकदा बघितली.

मग ते वहिनीकडे वळले आणि त्यांनी अंगठा वर केला.

मी वहिनीचा चेहरा बघितला. मास्कमागे डोळेच दिसतात, तेवढे पुरले. एवढं बघून, हात लावून, म्हातारा अंगठा दाखवतो? बस झालं, वर चला? तिने काही विचारलं नाही. विचारता आलं असतं, तिथे थांबवता आलं असतं, पण तिचाच नियम. तिने अंगठा वर करून उत्तर दिलं आणि निघाली. बाबा हातवारे करायला लागले, तिने त्यांचं मनगट धरलं आणि वर.

वर येताना मध्ये थोडा वेळ थांबावं लागतं. अंगात मुरलेली हवा हळूहळू निघू द्यायची असते, नाहीतर जिवावर बेततं. दोराला धरून आम्ही तिघं लटकलो होतो. बाबांच्या तोंडून बुडबुडे चाललेच होते, काहीतरी बोलत होते. वहिनी दुसरीकडे बघत होती. मला बाबांचा इतका राग आला होता, की तो दोर त्यांच्याच हातात देऊन निघून जावंसं वाटलं. वर्षानुवर्षं फुटलेले ते हात, त्या परवानग्या, ते टायर, सगळं एका अंगठ्यात संपलं होतं.

पाण्यावर आल्यावर तिने नळी काढली आणि म्हणाली, "ठीक आहे बाबा. शब्द दिला होता. उद्या सगळं उचलते."

बाबांनी मास्क गळ्यात ओढला. "का?"

"तुम्ही अंगठा दाखवलात."

"दाखवला नाही," बाबा म्हणाले. "दिला. माझा बाप द्यायचा तसा अंगठा दिला मी तुला, पोरी. आणि तू मला फरफटत वर घेऊन आलीस."

वहिनी बघतच राहिली. तोंड उघडं, एक लाट आत गेली, ठसका लागला. बोटीवरून दादा विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि या वेळी त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. बाबांचं चालूच. एवढी मोठी गोष्ट, आणि तिला काय चिमूट दाखवायची? मिठाची? वहिनी हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. खाऱ्या पाण्यात ते कळत नाही. मी मात्र रडलो.

बोटीवर चढल्यावर सवयीने माझा हात नांगराच्या दोराकडे गेला. बाबा म्हणाले, ओढू नकोस. एवढंच. वहिनी पुन्हा उतरली, पोवळ्यातून नख हळूच सोडवलं आणि दोराला दोन झटके दिले, तेव्हा बाबांनी स्वतः नांगर वर घेतला, तान्ह्या पोराला घ्यावं तसा. मग बोट बोयापाशी नेली. दोर त्यांनीच बांधला. आम्ही जेवलो, दादाने डुलकी काढली, वारा थोडा वाढला, आणि बाबा सबंध दुपार बोटीच्या टोकाशी त्या दोरावर हात ठेवून बसून होते. भीती काही एका डुबकीत धुतली जात नाही. पण दोर त्यांनी सोडला नाही.

संध्याकाळी धक्क्यावर बोटवाले वाट बघत होते. बातमी आमच्याआधी पोहोचली होती. एकाने जरा खवचटपणेच विचारलं, की जन्मभर परक्या दोरीवर बोट न बांधणारे तुम्ही, आज कशी काय बांधलीत?

"परकी कुठली?" बाबा म्हणाले. "घरची आहे."

वहिनी पिंपात मास्क बुचकळत होती. तिने मान वर केली नाही, पण तोच एक मास्क ती बराच वेळ धूत राहिली. दुसऱ्या दिवशी बोयापाशी बोटी बांधायला रांग लागली आणि एक बोया पुरेना. दादाला पुन्हा टायर शोधायला पिटाळलं.

पुढच्या हंगामाला रंगवलेला नांगर सबंध हंगाम बोटीतच पडून राहिला. त्यानंतरच्या हंगामाला बाबांनी तो नेहमीसारखा अंगणात काढला, ब्रश भिजवला आणि बघतात तर रंग जसाच्या तसा. एक टवका उडाला नव्हता. त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग चपला घातल्या आणि तडक रंगवाल्याच्या दुकानात गेले. आता काय भानगड करतात म्हणून मी मागोमाग गेलो. रंगवाल्याने त्यांना बघताच सवयीने मान खाली घातली आणि पिवळ्या रंगाचा डबा पुढे सरकवला. बाबांनी तो परत त्याच्याकडे ढकलला.

"तुझ्या रंगात कधीच खोट नव्हती रे," ते म्हणाले, आणि आले तसे परत फिरले. रंगवाल्याने मला हळूच विचारलं, बाबांची तब्येत बरी आहे ना?